दिवाळीत व्हेल शार्क आणि मँटा बघायला कुठे जावं?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात किंवा दिवाळीत चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन व्हेल शार्क आणि मँटा रे (पंखांसारखे कल्ले असलेला मोठा, चपटा मासा) बघायला कुठे जावं, मालवणला केलेलं एका दिवसाचं स्कूबा त्यासाठी पुरेल का, आणि गॅलापागोस (प्रशांत महासागरातली इक्वेडोरची बेटं) कसं राहील.

माझं मत स्पष्ट आहे. दिवाळीत मालदीवला जा. आणि या दोन प्राण्यांसाठी पाठीवर हवेचा सिलिंडर लागतच नाही, स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून वरवर पोहणं) पुरतं. दोघंही प्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) गाळून खातात, त्यामुळे बऱ्याचदा पृष्ठभागाजवळच असतात.

मँटासाठी बा अटॉलमधली (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनिफारू खाडी. तिथे स्कूबाला बंदीच आहे, फक्त स्नॉर्केलिंग चालतं, तेही गाइडबरोबर आणि ठरावीक वेळ. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, साधारण मे अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, भरतीबरोबर आलेलं प्लवंग या खाडीत अडकतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते जास्त दाटतं आणि मँटा जमतात. लक्ष्मीपूजन अमावस्येलाच असतं. घरची पूजा करून पाडव्याला निघालात तरी उधाणाचे दिवस हातात राहतात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर उत्तम, नोव्हेंबरात हंगाम ओसरायला लागतो. पाऊस आणि हलता समुद्र मात्र गृहीत धरा.

मँटा खायला लागली की डोक्याजवळच्या दोन गुंडाळलेल्या पाळ्या उलगडते, त्यांनी पाणी तोंडात वळवते आणि जागच्या जागी कोलांटी घेते. तेव्हा पांढऱ्या पोटावरचे काळे ठिपके दिसतात. ते प्रत्येकीचे वेगळे, संशोधक त्यावरूनच तिला ओळखतात. त्या दिवशी पाणी हिरवट, गढूळ असेल. नाराज होऊ नका, तो गढूळपणा म्हणजेच तिचं जेवण आहे.

व्हेल शार्क दक्षिण आरी अटॉलला वर्षभर दिसतात, म्हणजे मेमध्येच सुट्टी मिळाली तरी ते जमेल. धिगुराह बेटावर साधी गेस्टहाउस आहेत, तर हनिफारूसाठी धारावंधूवर राहा. व्हेल शार्कची शेपूट संथ हलताना दिसते, पण जोर लावूनही त्याला गाठता येत नाही. पाठलाग करू नका. अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर लांब राहा, फ्लॅश बंद. फिलिपिन्समधल्या ओस्लोबला कोळंबी खायला घालून व्हेल शार्क रोज जमवतात. फोटो हमखास मिळतो, पण मी कुणालाही तिथे पाठवणार नाही. जंगली प्राण्याला होडीमागे फिरायची सवय लावणं मला पटत नाही.

गॅलापागोस आत्ता नको. डार्विन बेटाजवळ जून ते नोव्हेंबर प्रचंड व्हेल शार्क येतात, हॅमरहेडचे (हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कचे) थवेही असतात, पण तिथले प्रवाह नवशिक्याचे नाहीत.

मालवणच्या त्या डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून नेतो, त्याने लायसन्स मिळत नाही. खरं डायव्हिंग करायचं तर तीन-चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स करा. त्यानंतर 18 मीटरपर्यंत जाता येतं. मुलगाही करू शकेल, मात्र या वयात सोबत सर्टिफाइड मोठं माणूस लागतं. न थांबता 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं जमायला हवं, तेव्हा उन्हाळ्यात महापालिकेच्या तलावावर सराव सुरू करा.

आपल्याकडे बरेच जण विहिरीत पोहायला शिकलेले असतात. त्यांना खोलीची भीती नसते, पण बुडी मारताना श्वास कोंडायची सवय पक्की असते. स्कूबात नेमकी तीच घातक. 10 मीटरवरून वर येताना छातीतली हवा दुप्पट होते आणि श्वास कोंडलेला असेल तर फुफ्फुस फाटू शकतं. पहिल्या दिवसापासून श्वास चालू ठेवायची सवय लावा.

कोर्स कोकणात केलात तर शेवटच्या डाइव्हनंतर लगेच गाडी काढून रात्री घाट चढू नका. आंबोली 690 मीटरवर आहे, आणि डाइव्हमध्ये अंगात विरघळलेला नायट्रोजन निघायला वेळ लागतो; त्याआधी उंचीवर, कमी दाबात गेलात तर त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. एक मुक्काम करा. विमान असेल तर निदान 18 तास थांबा. दमा, कानाचं दुखणं किंवा हृदयाचा त्रास कुणाला असेल तर पैसे भरायच्या आधी डॉक्टरांकडून मेडिकल फॉर्म भरून घ्या.