छावणीतून सुटका झाल्यावर ज्यू कैदी जेवणामुळे मेले, हे खरं का?

प्रश्न असा आहे : नाझी छावण्यांतून सुटलेले हजारो ज्यू कैदी सैनिकांनी दिलेलं पोटभर अन्न खाऊन मेले म्हणतात, ते कितपत खरं?

अर्धंच खरं आहे. आणि अधाशीपणाने खाल्लं म्हणून मेले, असा जो सूर त्यात असतो तो तर साफ चुकीचा.

जर्मनीतल्या बर्गन-बेल्सन या नाझी छावणीचं उदाहरण घेतो, कारण तिथल्या वैद्यकीय नोंदी भरपूर आहेत. १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश फौज आत शिरली तेव्हा सुमारे ६०,००० कैदी जिवंत होते, त्यांत बहुसंख्य ज्यू. जवळपास १३,००० प्रेतं उघड्यावर पडली होती. पाणी बंद होतं आणि कित्येक दिवस अन्न मिळालेलं नव्हतं. सुटकेनंतर जूनअखेरपर्यंत आणखी सुमारे १३,००० माणसं गेली, त्यातली ९,००० एप्रिल संपायच्या आतच.

पहिला मारेकरी टायफस (टायफॉइड नव्हे). तो अंगावरच्या उवांमुळे पसरतो. उवेची विष्ठा खाजवलेल्या जागेतून शरीरात जाते. रोगी तापाने फणफणला किंवा मेला की उवा त्याला सोडून शेजारच्याकडे जातात, आणि तिथे तर माणसं एकमेकांना चिकटूनच झोपायची. लागण झाल्यापासून ताप यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणजे सुटकेच्या दिवशी बरे दिसणारे कितीतरी जण आधीच बाधित होते. टायफसवर पेनिसिलिन चालत नाही, त्यामुळे खरा उपाय उवा मारण्याचाच होता. घोड्यांच्या पागेत टेबलं मांडून जर्मन नर्सेसकडून एकेकाचे केस कापले, साबणाने अंग धुतलं, डीडीटीची पूड मारली आणि स्वच्छ ब्लँकेटात गुंडाळून जवळच्या लष्करी बराकींत हलवलं. रिकामी झालेली शेवटची झोपडी २१ मेला जाळली.

आता अन्न. सैनिकांकडे होतं ते त्यांचंच रेशन : डब्यातलं मांस, चरबी. ते त्यांनी दयेपोटी वाटलं. उपासाने आतडी इतकी झिजलेली होती की लगेच जुलाब सुरू झाले. त्याहून घातक गोष्ट डोळ्यांना दिसत नव्हती. दीर्घ उपासमारीत पेशींमधलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम संपत येतं, पण रक्तातलं प्रमाण बऱ्यापैकी ठीक दिसतं. एकदम पिष्टमय किंवा गोड पदार्थ पोटात गेले की इन्शुलिन वाढतं आणि रक्तात उरलेलं हे सगळं पेशींमध्ये ओढलं जातं. मग हृदयाचे ठोके चुकतात, श्वासाचे स्नायू थकतात, अंगावर सूज चढते. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वही त्याच वेळी संपतं. आज याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे.

मग डॉक्टरांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात उपयोगी पडलेलं गोड, पातळ मिश्रण आणलं. युरोपातल्या या रुग्णांना ते गोडमिट्ट वाटून घशाखाली उतरेना. पापरिका (सौम्य मिरचीची पूड) घातल्यावर थोडं जमलं. प्रथिनांचं द्रावण सुईने द्यायचं म्हटलं तर रुग्ण किंचाळायचे. आउश्वित्झ या दुसऱ्या नाझी छावणीत फिनॉल या विषारी रसायनाची सुई टोचून कैदी मारत, हे माहीत असलेल्या माणसाला नवा डॉक्टर तरी वेगळा का वाटावा? शेवटी ज्यांना गिळता येत होतं त्यांना तोंडानेच, थोडं थोडं, वारंवार देणं सर्वांत बरं ठरलं.

आजचा हिशोब ठोकळमानाने असा : धोका जास्त असलेल्या रुग्णाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १० किलोकॅलरी, अगदीच खंगलेल्याला ५. म्हणजे ३० किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी १५० किलोकॅलरी, जवळपास एक पेला दूध! थायमिन अन्नाआधी सुरू करायचं, क्षार रोज तपासायचे, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं. ब्रिटिशांकडे यातलं फारसं ज्ञान नव्हतं, म्हणून त्यांना सरसकट दोष देणं मला पटत नाही.

उपासमारीचा सगळ्यात बारकाईने अभ्यास वॉर्सा घेट्टोतल्या (नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या पोलंडमधल्या वस्तीतल्या) ज्यू डॉक्टरांनी १९४२ मध्ये केला होता, स्वतः उपासमार सोसत असताना. इस्रायल मिलेकोव्स्की त्यांचे प्रमुख. हस्तलिखित गुपचूप बाहेर काढून एका पोलिश प्राध्यापकाकडे सोपवलं गेलं. ते छापून आलं १९४६ मध्ये, बेल्सनच्या डॉक्टरांना गरज होती त्याच्या वर्षभरानंतर.