ओळखीचं वाटणं आणि ओळख पटणं

वाशीच्या एक वाचक मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी मराठी प्रश्नावली तयार करत आहेत. त्यांनी विचारलं आहे, ‘स्मृतीच्या अभ्यासात रिकलेक्शन आणि फॅमिलिॲरिटी अशा दोन वेगळ्या संज्ञा येतात. त्यांना स्मरण आणि परिचय म्हणावं का? की सरळ आठवणे आणि ओळखणे?’

स्मरण चालेल. परिचय नको. परिचय दोन माणसांत होतो, कुणीतरी तो करून देतं, पुस्तकाचाही छापून येतो. मनात उमटलेल्या जाणिवेला तो शब्द लागू पडत नाही. ओळखणे घेतलं तर घोटाळा त्याहून मोठा होईल, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

समजा, तुम्ही ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसला आहात. ऐरोलीला एक गृहस्थ चढतात. चेहरा पाहताक्षणी वाटतं, यांना आपण पाहिलंय. कुठे, कधी, काही केल्या सुचत नाही. रबाळे जातं, घणसोली जातं आणि कोपरखैरण्याला एकदम लख्ख आठवतं: हे जांभळी नाक्याच्या बाजारात भाजी घेऊन बसतात, मागच्या खेपेला सुटे नव्हते म्हणून यांनी वर कोथिंबिरीची जुडी दिली होती. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मँडलर यांनी १९८० साली अगदी असाच दाखला दिला होता. त्यात बस होती आणि भाजीवाल्याच्या जागी खाटीक होता. नेहमीच्या जागेवरून उचललेला चेहरा ओळखीचा वाटतो, पण तो कोणाचा ते कळायला वेळ लागतो, हे त्यांना दाखवायचं होतं.

ऐरोलीपासून कोपरखैरण्यापर्यंत तुमच्यापाशी होती ती फॅमिलिॲरिटी. कोपरखैरण्याला आलं ते रिकलेक्शन. मराठी माणूस या दोन्ही वेळी ओळख हाच शब्द वापरतो, पण क्रियापद बदलतो. आधी ते ‘ओळखीचे वाटले’, मग त्यांची ‘ओळख पटली’. वाटणं आणि पटणं यांतलं अंतर आपल्या कानाला बरोबर कळतं. बातमीत ‘ओळख पटली’ असं वाचलं की माणूस कोण ते नक्की झालं असं आपण समजतो. चेहरा पाहिल्यासारखा वाटला, एवढ्यावर तसं कुणी लिहिणार नाही. म्हणून नुसतं ओळखणे हे फॅमिलिॲरिटीला देता येत नाही. ओळखणं हे काम आहे आणि ते या दोन्ही वाटांनी होतं.

आठवणेची रचनाही पाहण्यासारखी आहे. ‘आठवतोय, आठवतोय, पण आठवत नाहीये,’ असं आपण सहज बोलतो. पहिल्या दोन वेळा कर्ता ‘मी’ आहे, प्रयत्न करणारा. तिसऱ्या वेळी ‘मला’ आहे आणि आठवण स्वतः यायची की नाही ते ठरवते. मला ही रचना फार सुंदर वाटते.

प्रत्यभिज्ञा हा भारदस्त शब्द फॅमिलिॲरिटीसाठी योजण्याचा मोह होईल, तोही टाळावा. न्याय या प्राचीन भारतीय दर्शनात त्याचा ठरलेला दाखला ‘सोऽयं देवदत्तः’, म्हणजे ‘तोच हा देवदत्त’. यात ‘हा’ डोळ्यांपुढे आहे आणि ‘तो’ पूर्वी अमुक ठिकाणी, अमुक वेळी पाहिलेला आहे. या ‘तो’पणाला तिथे ‘तत्ता’ असं नाव आहे. ऐरोलीला गाडीत चढलेला माणूस नुसता ‘हा’ आहे. ‘तो’ची जागा अजून रिकामीच आहे. तत्ता नाही, तर प्रत्यभिज्ञा कशी म्हणणार?

हा भेद शब्दांपुरता नाही. लॅरी जॅकोबी आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी माणसांची नावं वाचायला दिली. ‘यांत प्रसिद्ध कोण?’ असं लगेच विचारलं तेव्हा ही नावं आत्ताच यादीत वाचली हे त्यांना आठवत होतं, त्यामुळे ते फसले नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर त्यांतली काही नावं त्यांना प्रसिद्ध माणसांची वाटू लागली. यादी मनातून गेली होती आणि ओळखीचेपणा तेवढा उरला होता. तीन हात नाक्यावरच्या फलकांवर रोज दिसणारं नाव पुढे ‘ऐकल्यासारखं’ का वाटतं, ते यावरून समजावं.

वय वाढतं तसं संदर्भासह आठवणं बरंच मंदावतं, ओळखीचं वाटणं त्यामानाने टिकून राहतं. म्हणून लग्नघरात एखाद्या आजी ‘चेहरा ओळखीचा वाटतो रे, पण कुणाचा तू?’ म्हणाल्या, तर ती वेळ मारून नेणं समजू नये. त्यांना खरोखरच तसं वाटत असतं. मेंदूत संदर्भासह आठवण्याचा संबंध मुख्यतः हिप्पोकॅम्पस या भागाशी आणि ओळखीचं वाटण्याचा त्याच्या शेजारच्या भागाशी जोडतात. मात्र या दोन प्रक्रिया नसून एकाच स्मृतीचं कमीअधिक बळ आहे, असं मानणारे संशोधकही आहेत. तुमची संज्ञा दोन्ही बाजूंना वापरता यावी.

तेव्हा लेखात रिकलेक्शनला ‘संदर्भस्मरण’ आणि फॅमिलिॲरिटीला ‘ओळखीचेपणा’ म्हणावं, असं माझं मत. ‘परिचितता’ चुकीचं नाही, पण कोरडं आहे.

प्रश्नावलीत मात्र संज्ञा नकोतच. मानसशास्त्रज्ञ एंडेल टुलविंग यांनी १९८५ साली उत्तरासाठी ‘आठवतं’ आणि ‘माहीत आहे’ अशा अर्थाचे दोन पर्याय रूढ केले. त्यातला दुसरा शब्दशः घेऊ नका. आपल्याकडे ‘मला माहीत आहे’मध्ये ‘आठवतं’पेक्षाही जास्त खात्री असते, उत्तरं उलटी येतील. पर्याय असे द्या: ‘पाहिल्याचं आठवतं’, ‘ओळखीचं वाटतं, पण पाहिल्याचं आठवत नाही’, ‘नुसता अंदाज’ आणि ‘नवीन आहे’. पहिल्या पर्यायाखाली एक ओळ जोडा: त्या वेळी मनात काय आलं होतं किंवा आजूबाजूला काय होतं, यातलं काहीही सांगता येत असेल तरच यावर खूण करावी.