एनआयओएस घ्यावं का? आधी शाळेशी बोलून घ्या

ताई, तुमचा मुलगा नववीत आहे, डिसलेक्सिया (वाचन-लेखनाची अडचण) आहे, यंत्रं खोलून बघायची आवड आहे. शाळा म्हणते, 'दाखला काढा, एनआयओएसला टाका', म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेत, जिथे घरी अभ्यास करून दहावी देता येते. तो सगळ्यांपासून तुटेल ही तुमची भीती आहे. मी विशेष शिक्षिका आहे, मुक्त शाळेची मुलं दर वर्षी माझ्याकडे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाळेने असं हात झटकणं चूक आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता (डिसलेक्सिया त्यातच येतो) धरलेली आहे, आणि मान्यताप्राप्त शाळेने गरजेप्रमाणे सोय करून द्यायची आहे. राज्य मंडळाच्या दहावीलाही लेखनिक, जादा वेळ, भाषा-गणितात सवलती मिळतात. त्यासाठी अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन, नायरला होतं. रांग लांब असते, नाव लगेच नोंदवा. मुख्याध्यापकांना सवलती लेखी मागा. तोंडी बोलणं विसरलं जातं.

हे सगळं करूनही तो रोज सकाळी पोट दुखतंय म्हणत असेल, तर मात्र एनआयओएस बिनधास्त घ्या. ते दुय्यम नाही, केंद्र सरकारचं मंडळ आहे. वय १४ पूर्ण लागतं. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात, एकदा पास झालेला विषय पासच राहतो. वाचायला वेळ लागणाऱ्या मुलासाठी एका खेपेला दोनच विषय द्यायची मोकळीक फार मोठी आहे. दहावीला मराठी माध्यमही आहे.

पण मंडळ सोबती देत नाही. घरी एकटं बसून पुस्तक उघडणारं मूल दोन महिन्यांत कोमेजतं, हे मी पुन्हा पुन्हा बघते. माझ्याकडच्या एका मुलाची आई सामाजिक शास्त्राचे धडे मोबाइलवर वाचून ठेवायची. तो दुपारी सायकलच्या दुकानात चाकाच्या तारा ताणता ताणता ते ऐकायचा आणि संध्याकाळी सोसायटीतल्या दहावीच्या मुलांना तोंडी सांगायचा. ती मुलं त्याच्याकडून इतिहास ऐकून घ्यायची, तो त्यांच्याकडून गणित. समावेशन, म्हणजे सगळ्यांना सोबत घेऊन शिकणं, म्हणतात ते मला तिथे दिसलं.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञांनी गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल येऊ शकत नाही म्हणून त्याला वगळलं नाही.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी त्याचा आठवडा कागदावर मांडा: कुठल्या दिवशी तो कोणाबरोबर असेल, खेळायला कुठे जाईल, हाताने काय करेल. बुधवार-गुरुवार कोरे दिसले तर आधी ते भरा.

आणि विषय निवडताना एक लक्षात ठेवा. एनआयओएसला गणित सोडता येतं, म्हणून बरेच पालक ते सोडून मोकळे होतात. पुढे पॉलिटेक्निकच्या अभ्यासात गणित-विज्ञान लागतंच. त्याला यंत्रांची ओढ आहे, तर दोन्ही ठेवा. हवं तर सगळ्यात शेवटी देऊ दे.