निरीक्षण, अनुमान आणि कांद्याचा पापुद्रा

विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. कांद्याच्या पापुद्र्याच्या प्रयोगात मुलं ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली लिहितात, ‘पेशीभित्तिका, पेशीपटल आणि केंद्रक स्पष्ट दिसले.’ हे वाक्य निरीक्षणात बसतं का? त्याखाली ‘अनुमान’ लिहायचं की ‘निष्कर्ष’? आणि अनुमान म्हणजे शेवटी अंदाजच असेल, तर प्रयोगवहीत त्याचं काय काम? प्रयोगाआधी मुलं जे लिहितात त्याला ‘गृहीतक’ म्हणावं का, हेही त्यांनी विचारलं आहे.

वाक्यातली भित्तिका निरीक्षणात बसते. केंद्रकही बसतं, पण त्याबद्दल थोडं बोलावं लागेल. पेशीपटल, म्हणजे भित्तिकेच्या आतलं पेशीचं पातळ आवरण, मात्र बसत नाही, कारण ते मुलांना दिसलेलंच नसतं. पेशीपटलाची जाडी साधारण 7 ते 8 नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असते. प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत, आणि ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीतून येते. त्यामुळे भिंग कितीही जोरकस लावलं तरी प्रतिमा मोठी होते, तपशील वाढत नाही. त्यात निरोगी पेशीत पटल भित्तिकेला आतून घट्ट चिकटलेलं असतं. मुलं रेष पाहतात ती भित्तिकेची. पुस्तकातल्या आकृतीत दोन रेषा असतात म्हणून वहीतही दोन नावं येतात. डोळ्यासमोर एक गोष्ट आणि लेखणीत दोन, अशी ही नोंद आहे, आणि या दोहोंमधलं अंतर दाखवण्यासाठीच आपल्याकडे ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ असे दोन शब्द आहेत.

‘निरीक्षणा’त ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा ही सगळी त्याचीच भावंडं. विज्ञानात या पाहण्यात स्पर्श, वास, मोजपट्टी, तापमापी सगळं येतं. घोटाळा होतो तो रोजच्या बोलण्यामुळे. ‘माझं निरीक्षण असं आहे की मुलं हल्ली वाचत नाहीत’ असं आपण सहज म्हणतो. इथे निरीक्षण म्हणजे मत झालं. गप्पांमध्ये ते चालतं. प्रयोगवहीत मात्र हा सैल अर्थ येऊ देऊ नये, एवढा आग्रह मी धरेन.

‘अनुमाना’त ‘मा’ म्हणजे मोजणे, आणि ‘अनु’ म्हणजे मागून. आधी काहीतरी हाती आलं आहे आणि त्याच्या मागोमाग हे ज्ञान येतं. न्यायदर्शनात प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन वेगळी प्रमाणं आहेत, आणि डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असणार हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. धूर दिसला, हे प्रत्यक्ष. अग्नी आहे, हे अनुमान. या दोहोंना जोडणारा एक नियमही लागतो: जिथे धूर तिथे अग्नी. याला नैयायिक ‘व्याप्ती’ म्हणतात. मुलांच्या वहीत बहुतेक वेळा नेमका हा दुवाच गळालेला असतो. काय दिसलं ते असतं, काय ठरलं तेही असतं. त्यावरून हे का ठरलं, ते मात्र नसतं.

‘अंदाज’ फारसीतून आलेला शब्द. तो अनुभवाचा असू शकतो, नुसत्या नजरेचाही असू शकतो. त्याला कारण विचारण्याचा कोणाला हक्क नसतो, अनुमानाला मात्र कारण द्यावंच लागतं. बोलण्यात हे दोन शब्द एकमेकांच्या इतके जवळ आले आहेत की अनुमान म्हटलं की ‘म्हणजे खात्री नाही’ असं ऐकणाऱ्याला वाटतं. बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे, आणि म्हणूनच मला त्यावर थोडं रेंगाळायचं आहे.

पेशीच्या इतिहासाची सुरुवातच या दोन शब्दांच्या जोडीने झाली. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने 1665 साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्याला रिकामे कप्पे दिसले. त्या मृत पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. एका इंचाच्या अठराव्या भागात त्याने असे सुमारे 60 कप्पे एका ओळीत मोजले. म्हणजे इंचात 1,080, चौरस इंचात 11,66,400 आणि घन इंचात 1,25,97,12,000. सव्वाशे कोटी कप्पे कोणी एकेक करून मोजले नव्हते. निरीक्षण फक्त त्या ओळीचं होतं, पुढचं सगळं अनुमान. आणि ‘सगळीकडे कप्पे साधारण तेवढेच आहेत’ हे मान्य केलं तरच ते उभं राहतं. ‘मागून मोजणे’ हा शब्दाचा अर्थ इथे अक्षरशः खरा होतो.

पेशीपटलाची कथा तर याहून मोठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्नेस्ट ओव्हरटन या शास्त्रज्ञाने वेगवेगळे पदार्थ पेशीत किती सहज शिरतात हे तपासलं. तेलात सहज विरघळणारे पदार्थ लवकर आत जातात, यावरून पेशीचं आवरण मेदासारखं असावं असं त्याने अनुमान काढलं. 1925 साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच शास्त्रज्ञांनी लाल रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर एकाच रेणूच्या जाडीचा थर होईल असा पसरवला. त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरलं. म्हणून आवरण दुहेरी थराचं असावं, असं त्यांनी म्हटलं. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या, सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं, पण त्या एकमेकींना भरून काढणाऱ्या ठरल्या आणि अनुमान टिकलं. पटलाच्या दोन गडद रेषा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या त्या 1950 च्या दशकात. म्हणजे पेशीपटल दिसण्याच्या कितीतरी आधी ते अनुमानाने माहीत झालं होतं. अशा शब्दाला ‘अंदाजच ना’ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

मुलांनाही पटलापर्यंत याच वाटेने जाता येतं. लाल कांद्याचा पापुद्रा घ्यावा, कारण त्याच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाने भरलेल्या पिशवीत, रंग असतो आणि आत काय चाललंय ते कळतं. काचपट्टीवरच्या पापुद्र्यावर मिठाचं संहत द्रावण सोडलं की काही मिनिटांत रंगीत भाग भित्तिकेपासून सुटून आकसतो. पाठ्यपुस्तकात याला ‘रससंकोच’ म्हणतात. फार नेमका शब्द आहे. आता नोंद अशी व्हायला हवी. निरीक्षण: ‘रंगीत भाग आकसला, बाहेरची चौकट जशीच्या तशी राहिली, रंग त्या मोकळ्या जागेत पसरला नाही.’ अनुमान: ‘पेशीतलं पाणी बाहेर गेलं. रंग मात्र अडवला गेला, म्हणून भित्तिकेच्या आत पाणी सोडणारं पण रंग न सोडणारं आवरण असलं पाहिजे.’ या ‘म्हणून’ आणि ‘असलं पाहिजे’मध्ये अनुमानाचा जीव आहे. बाईंनी वह्या तपासताना नुसते हे दोन शब्द शोधले तरी पुरे.

पुढे साधं पाणी सोडून पाहावं, रंगीत भाग पुन्हा फुगतो. उकळलेल्या पापुद्र्यावर तोच प्रयोग केला तर आकसणं दिसत नाही, रंग आधीच बाहेर झिरपलेला असतो. आता ‘आधीच्या पापुद्र्यातल्या पेशी जिवंत होत्या’ असं म्हणायला आधार मिळाला. उकळलेल्या पापुद्र्याला मी ‘तुलनेचा नमुना’ म्हणतो. अशा नमुन्याला रूढ शब्दाप्रमाणे ‘नियंत्रण’ म्हटलं की मुलांना कोणीतरी कशाला तरी आवर घालतंय असं वाटतं.

आता केंद्रक. काटेकोरपणे पाहिलं तर दिसतो तो आयोडीनने रंगलेला, पिवळट तपकिरी गोलसर ठिपका. तो केंद्रक आहे ही आधीच्या अभ्यासातून आलेली ओळख. मग तेही अनुमान झालं का? इतकं ताणू नये असं माझं मत आहे. माझी कसोटी साधी आहे: ज्याच्यावर बोट ठेवून ‘हे’ म्हणता येतं त्याचं नाव निरीक्षणात यायला हरकत नाही. पण पहिल्या एकदोन प्रयोगांत मुलांकडून आधी वर्णन आणि मग नाव असं लिहून घ्यावं. नाहीतर काळ्या जाड कडेचा अगदी गोल आकार दिसला की ते ‘गोल पेशी’ लिहून मोकळे होतात, आणि तो असतो हवेचा बुडबुडा. ‘काळी कड, आत काहीच रचना नाही’ असं आधी लिहिलं असतं तर चूक तिथेच लक्षात आली असती.

निष्कर्ष म्हणजे बाहेर ओढून काढलेलं. ‘कर्ष’ म्हणजे ओढणे. एका निरीक्षणावरून अनुमान निघतं. आकसणं, पुन्हा फुगणं आणि उकळलेल्या पापुद्र्याचं वेगळं वागणं यांवरून निघालेली तिन्ही अनुमानं एकत्र ठेवून मूळ प्रश्नाचं जे उत्तर मिळतं, तो निष्कर्ष. एकाच काचपट्टीचा प्रयोग असेल तर ‘अनुमान’ लिहावं. हे सगळं केलं असेल तर शेवटी ‘निष्कर्ष’ लिहावा, आणि त्याआधीची अनुमानंही वहीत राहू द्यावीत.

गृहीतकाबद्दल थोडक्यात. भूमितीत गृहीतक म्हणजे सिद्धतेवाचून स्वीकारलेलं विधान. विज्ञानात तोच शब्द ज्याची परीक्षा घ्यायची आहे अशा विधानासाठी वापरतात. एकच मूल एका तासाला ‘हे मानून चालायचं’ आणि दुसऱ्या तासाला ‘हे तपासायचं’ असे दोन अर्थ शिकतं. मी ‘परिकल्पना’ हा शब्द पसंत करतो: ‘मिठाच्या पाण्यात पेशीतलं पाणी बाहेर जातं.’ आणि तिच्यावरून प्रयोगाआधी जे लिहायचं, ‘रंगीत भाग आकसेल’, त्याला ‘भाकीत’ म्हणावं. अंदाज म्हटलं तरी चालेल, फक्त तो पापुद्रा काचपट्टीवर ठेवण्याआधी लिहिलेला असावा.