सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिनची इंजेक्शनं घेणं सेफ आहे का?

या दोन पेप्टाइडांबद्दल (प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्या) तुमचा ट्रेनर म्हणतो, 'हे स्टेरॉइड नाही, तुमचंच ग्रोथ हार्मोन वाढतं, काही होत नाही.' परळच्या जिममध्ये मीही हेच ऐकलं आणि सात आठवडे रोज रात्री पोटावर टोचून घेतलं. वय ४१, आईला डायबिटीस. ते तेव्हा सोयीस्करपणे विसरलो.

पहिले पंधरा दिवस झकास गेले. झोप गाढ, भूक दणकून. चौथ्या आठवड्यात घड्याळाचा पट्टा रुतू लागला, घोट्यावर मोज्याचे वळ उठू लागले. मग लोकलमध्ये कडी धरली की दोन स्टेशनांत हाताला मुंग्या. मला वाटलं मान धरली असेल. डॉक्टरांनी मनगटावर टिचक्या मारल्या आणि सरळ विचारलं, 'काय टोचताय?' अंगात पाणी साचून मनगटातली नस दबत होती. उपाशीपोटीची साखर ९२ वरून ११३ झाली होती.

'तुमचंच हार्मोन' हे खोटं नाही, पण त्यात दिलासा काही नाही. सीजेसी मेंदूकडून येणाऱ्या इशाऱ्याची नक्कल करतं, इपामोरेलिन घ्रेलिन या भुकेच्या हार्मोनच्या रिसेप्टरवर बसतं, आणि दोन्ही मिळून पिट्युटरीला, म्हणजे ग्रोथ हार्मोन सोडणाऱ्या ग्रंथीला, पिळतात. ग्रोथ हार्मोन मुळातच इन्सुलिनच्या उलट काम करतं. त्याच्यामुळे आयजीएफ-१ नावाचं वाढीचं हार्मोन वाढतं आणि ते पेशींना वाढायला सांगतं, कुठल्या ते निवडत नाही. एचआयव्ही रुग्णांच्या पोटावरच्या चरबीसाठी अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झालेलं टेसामोरेलिन याच जातीचं, पण कॅन्सर सुरू असेल तर ते देत नाहीत. सीजेसीचा 'डॅक'वाला, म्हणजे जास्त टिकणारा प्रकार तर रक्तातून निम्मा व्हायलाच सहा-आठ दिवस घेतो. त्रास झाला म्हणून आज थांबलात तरी तो आज थांबत नाही.

सुई नको म्हणालात तर तोंडाने घ्यायचं एमके-६७७ पुढे येईल. ते पेप्टाइड नाही, पण काम तेच. साठीच्या पुढच्या ६५ निरोगी लोकांवरची चाचणी २००८ मध्ये छापून आली: वर्षभरात चरबी सोडून वजन किलोभर वाढलं, ताकद वाढली नाही, साखर मात्र वाढली. खुब्याचं हाड मोडलेल्यांवरची दुसरी चाचणी हार्ट फेल्युअरच्या शंकेने आधीच थांबवली.

आणि ती कुपी! लेबलवर 'फक्त संशोधनासाठी', आत पांढरी पावडर, कुरिअरने मे महिन्याच्या उकाड्यात आलेली. आत लिहिलंय तेच आहे की नाही, निर्जंतुक आहे की नाही, हे ना ट्रेनरला माहीत ना मला होतं. स्पर्धेत उतरणार असाल तर वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) यादीत हे सगळं कायम बंदीत आहे.

आधीच सुरू केलं असेल तर बंद करून एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), उपाशीपोटीची साखर आणि आयजीएफ-१ तपासा. कुपी सोबत घेऊन एंडोक्रायनोलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जा, लपवू नका. श्वास लागला किंवा पाय जास्त सुजले तर लगेच हॉस्पिटल गाठा.

माझ्या मुंग्या तीन आठवड्यांत गेल्या. साखर शंभराच्या खाली यायला पाच महिने लागले.