मुंबईतल्या लिनक्स युजर ग्रुपच्या नेटवर्किंग-सिक्युरिटी मीटिंगला जाऊन खरंच फायदा होतो का, की सरळ क्लास लावावा?

जा. क्लास नंतरही लावता येईल.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "तिथे कॉलेजची मुलं आणि हौशी मंडळी जमतात, त्यांच्याकडून सिक्युरिटी काय शिकणार?" या एका वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसलोय. जवळजवळ हेच शब्द मला माझ्या आधीच्या कंपनीतल्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये ऐकवले होते.

तेव्हा मी लोअर परळला सिस्टिम अ‍ॅडमिन होतो. सर्व्हर हेड ऑफिसात, गोडाऊन भिवंडीला, तिथे साधं पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडलं जाणारं) ब्रॉडबँड. गोडाऊनमधून लॉगिन व्हायचं, छोटी पानं उघडायची, पण स्टॉकचा मोठा रिपोर्ट मागवला की स्क्रीन जागच्या जागी थांबायची. एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) आत जाता यायचं, पण मोठ्या फोल्डरची यादी मागितली की सेशन लटकायचं. स्पीड टेस्ट मात्र उत्तम. साहेबांचं निदान ठरलेलं, लाइन खराब. ब्रॉडबँडवाल्याचा माणूस केबल बदलून जायचा आणि गोडाऊनची पोरं रात्री उशिरापर्यंत थांबून फोनवर आकडे विचारून वहीत उतरवायची. त्यांचे हाल बघवत नव्हते.

त्याच सुमारास माटुंग्याच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये ग्रुपची मीटिंग होती. विषय फायरवॉलचा, लिनक्सच्या जुन्या आयपीटेबल्सवरून नव्या एनएफटेबल्सवर कसं यायचं. हार्बरला मेगाब्लॉक, त्यामुळे अर्धी मंडळी उशिरा आली. चहाच्या वेळी मी सर्व्हरवरचं टीसीपीडम्पचं कॅप्चर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची नोंद, उघडून बसलो होतो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका मागून वाकून बघत होते. म्हणाले, "अरे, हे पंधराशे बाइटचं तेच पॅकेट पुन्हा पुन्हा जातंय आणि पोच येत नाहीये. तुमच्याकडे आयसीएमपी कोणी बंद केलंय?"

केलं होतं. साहेबांनीच. सरसकट. आयसीएमपी म्हणजे मशिनं एकमेकांना नेटवर्कच्या अडचणी कळवतात ते निरोप; पिंगही त्यातलंच.

पीपीपीओई स्वतःसाठी ८ बाइट घेतं, म्हणून त्या लाइनवर १५००ऐवजी १४९२ बाइटचंच पॅकेट जातं. सर्व्हर १५००चं पॅकेट 'तुकडे करू नका' असा बिट लावून पाठवतो. वाटेतला राउटर ते टाकून देतो आणि 'याहून लहान पाठव' असा आयसीएमपी निरोप परत धाडतो, टाइप ३, कोड ४. तो निरोप आमच्याच फायरवॉलच्या दारात मरत होता. एरवी चालू कनेक्शनची नोंद ठेवणाऱ्या कनेक्शन ट्रॅकिंगचा 'रिलेटेड' नियम असे निरोप आत घेतो, पण आमच्याकडे त्याच्याही वर ड्रॉप, म्हणजे आयसीएमपी टाकून देण्याचा नियम, लिहिलेला. गोडाऊनचा राउटर एमएसएस क्लॅम्पिंग (कनेक्शन जुळतानाच पॅकेट लहान ठेवायला सांगणं) करत नव्हता, त्यामुळे झाकूनही गेलं नाही.

पुढचं खरं शिक्षण. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने तिथल्या तिथे लॅपटॉपवर तीन नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे एकाच मशिनमध्ये तीन वेगळी नेटवर्क, उभ्या केल्या. मधल्या राउटरच्या पुढच्या टोकाचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ केला, सर्व्हरवर आयसीएमपी ड्रॉप केलं, आणि भिवंडीचं दुखणं माटुंग्यात जसंच्या तसं उभं राहिलं. नियम काढला, फाइल सरसर उतरली. असं दोनदा डोळ्यांनी पाहिलं की एमटीयू आयुष्यभर विसरत नाही.

सोमवारी मी हे ऑफिसात मांडलं तर साहेब म्हणाले, "हौशी पोरांचं ऐकून मी पॉलिसी बदलू?" राउटरवर क्लॅम्पिंग करू दिलं, रिपोर्ट उतरायला लागले, पण ड्रॉप तसाच राहिला. क्लॅम्पिंग फक्त टीसीपीला, म्हणजे पोच घेत चालणाऱ्या कनेक्शनला, लागू पडतं. यूडीपीवर (पोच न घेणाऱ्या पद्धतीवर) चालणाऱ्या व्हीपीएनला त्याचा काडीचा उपयोग नाही, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

माझं मत आजही तेच आहे. पिंग बंद केल्याने सर्व्हर लपत नाही. एनमॅप या स्कॅनिंगच्या टूलला पिंग न करता थेट पोर्ट तपासायला सांगता येतं, आणि एसएसएचच्या २२ नंबरच्या पोर्टवर पासवर्ड आपटणारे बॉट आधी पिंग करून परवानगी मागत नाहीत. १९९०च्या दशकात 'पिंग ऑफ डेथ'ने मशिनं कोसळायची, ती भीती तेव्हा खरी होती. आज तोच नियम डोळे मिटून पुढे चालवणं म्हणजे सिक्युरिटी नव्हे. एसएसएचला पासवर्ड बंद करून की-फाइल (डिजिटल किल्ली) वापरा, नको त्या सेवा बंद करा, पॅच वेळेवर लावा. आयपीव्ही६वर (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) तर शेजारचं मशिन शोधायलाही आयसीएमपीच लागतं, तिथे सगळं ड्रॉप केलंत तर नेटवर्कच बंद पडेल.

मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं बॅकडोअर (चोरवाट) सापडलं तेही असंच. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने पिच्छा पुरवला. अशी खोड असलेली माणसं या मीटिंगांत भेटतात.

क्लासचं म्हणाल तर नोकरीच्या पहिल्या चाळणीतून जायला सर्टिफिकेट लागतं, ते नाकारत नाही. आणि प्रत्येक मीटिंग चांगली होत नाही, कधी नुसत्या स्लाइड वाचून दाखवतात. ऑफिसचं कॅप्चर बाहेर नेणार असाल तर परवानगी घ्या आणि पॅकेटांचे फक्त हेडर (पत्त्याचा भाग, आतला मजकूर नाही) ठेवा, मी तसंच केलं होतं. तिथे शिकलेलं स्कॅनिंग स्वतःच्या मशिनवरच करा. दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये परवानगीशिवाय घुसणं आयटी कायदा २०००च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं.

जाल तेव्हा लॅपटॉप न्या, मागच्या रांगेत बसू नका. आणि कोणी 'सगळं आयसीएमपी ड्रॉप करा' अशी स्लाइड लावली, तर हात वर करून टाइप ३, कोड ४चं काय करायचं ते विचारा.