डीएनएचे ‘ठसे’ की ‘नमुने’?

प्रश्न असा आहे: ‘आरोपीच्या डीएनएचे ठसे जुळले’ असं बातमीत वाचलं. ठसा बोटाचा असतो, डीएनएचा कसा? ‘नमुने जुळले’ हे जास्त बरोबर नाही का?

‘ठसे’ आले इंग्लंडहून. लेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांना सप्टेंबर १९८४ मध्ये एक्स-रे फिल्मवर बारकोडसारख्या काळ्या पट्ट्या दिसल्या, माणसागणिक वेगळ्या. त्यांनी त्याला ‘जेनेटिक फिंगरप्रिंट’ म्हटलं, आपण ‘जनुकीय ठसे’ केलं. उपमाच ती, आणि नेमकी जुळ्यांपाशी अडखळते: एकसारख्या जुळ्यांच्या बोटांचे ठसे वेगळे असतात, पण नेहमीच्या चाचणीत त्यांचा डीएनए सारखाच दिसतो.

पण ‘नमुने जुळले’ मला त्याहून खटकतं. चाकूवरचं वाळलेलं रक्त हा एक नमुना, आरोपीच्या गालाच्या आतून बोळ्याने पुसून घेतलेली लाळ हा दुसरा. ते काय जुळणार! जुळतात आकडे. डीएनएत ठरावीक जागी एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा आला ते प्रयोगशाळा मोजते. एका जागी, समजा, १४ आणि १७: एक आईकडून, एक वडिलांकडून. अशा वीसेक जागांच्या आकड्यांची मिळून होते प्रोफाइल. ‘नमुना’ बिचारा आधीच दमलेला शब्द आहे. तलाठ्याकडे तो ‘गाव नमुना सात’ असतो आणि चाळीत ‘काय नमुना आहे!’

‘जुळणे’ चालेल, फक्त पत्रिकेसारखं समजू नये. तिथे ३६ पैकी १८ गुणांवर लग्न ठरतं. इथे एका जागचा आकडा खरोखरच वेगळा निघाला तरी रक्त त्या माणसाचं नव्हे. गुन्ह्याच्या तपासात डीएनए चाचणी पहिल्यांदा वापरली ती १९८६ साली, लेस्टरशायरमधल्या खुनांसाठी. तेव्हा गुन्हा कबूल करून बसलेला १७ वर्षांचा मुलगा त्यातून सुटला. खरा गुन्हेगार नंतर सापडला.

तेव्हा घेतात तो नमुना, निघते ती प्रोफाइल. ‘चाकूवरच्या रक्ताची डीएनए प्रोफाइल आरोपीच्या प्रोफाइलशी जुळली’ असं मी लिहीन. मथळ्यात जागा नसेल तर ‘डीएनए जुळला’ पुरे.